कशासारखं लागतं?

गुरुवारी ड्यूटी सुटली की आम्ही तिघी
अल खुवैरच्या मागच्या गल्लीत शिरतो.
मी, लॅबमधली मारिसेल, आणि एक्स-रेवाली शिजी.
नियम एकच: एकदा खाल्लेलं पुन्हा मागवायचं नाही.
बिल जिचं तिनं.
तीनशे बैशांवरून एकदा भांडण झालंय,
तेव्हापासून मारिसेल मोबाइलवर भागाकार करते.

रस्त्याकडेला एक म्हातारा निखाऱ्यांना
पुठ्ठ्याच्या तुकड्यानं वारा घालतो.
काडीला टोचलेलं मांस, वर चिंचेचं पाणी.
बोटं चाटत मी आईला फोन लावते.
गुहागरात ती भांडी पालथी घालून बसलेली.
"कशाचं गं?"
"बकऱ्याचं," म्हणते मी. उंटाचं असतं.
"कशासारखं लागतं?"

पहिली दोन वर्षं मी उत्तरं देत गेले.
हरीस म्हणजे आपली गव्हाची खीर,
फक्त गूळ काढायचा नि मटण घालायचं.
"अगं बाई," म्हणाली ती, आणि फोन ठेवला.
कहवा म्हणजे वेलदोड्याचा काढा, ताप नसताना प्यायचा.
पराठ्यात बटाट्याचे वेफर चुरतात, वर चीज फासतात,
गुंडाळी करून गाडीच्या खिडकीतून हातात देतात,
हे मात्र तिला पटलं.
"शिळ्या पोळीचा कुस्करा," म्हणाली, "त्यात काय एवढं."

मग रुवीत, मारिसेलच्या गाववाल्यांकडे,
उंच ग्लासात बर्फाच्या डोक्यावर
जांभळा गोळा आला.
"कोनफळ!"
एवढ्यानं ओरडले की शेजारच्या टेबलावरचे दोन ड्रायव्हर वळले.
मारिसेल म्हणाली, उबे.
मी म्हटलं, कोनफळ.
शिजी म्हणाली, हे तर काच्चिल.
तिघींनी आपापला कंद
आपापल्या चमच्यानं खाल्ला.
"उपासाला चालेल?" आईनं विचारलं.
"खाली मका आहे, राजमा आहे."
"मग नाही."

सीबला, मासळीबाजाराच्या मागे,
टपरीएवढं दुकान, नवीनच उघडलेलं.
बद्रिया नावाची मुलगी गल्ल्यावर होती,
तिचाही पहिलाच आठवडा.
तिनं वाळून काळं पडलेलं एक लिंबू
कानाशी हलवून दाखवलं, खुळखुळलं.
मग मुठीनं फोडून उकळत्या पाण्यात टाकलं.
घोट घेतला.
आंबट म्हणावं तर आत धूर होता,
धूर म्हणावं तर मागून कडवट काहीतरी
जिभेच्या कडेनं चालत गेलं.
आमसूल म्हणायला तोंड उघडलं
आणि मिटलं.
आमसूल नव्हतं ते.
दुसऱ्याच्या नावानं त्याला कशाला हाक मारायची?
मलाही इथं आल्यापासून
किती जणांनी सांगितलं, तू अगदी तिच्यासारखी,
माझ्याआधी इथं रक्त काढायची ती,
सुट्टीवर गेली नि परतली नाही.
मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही.

त्या रात्री आईला म्हटलं, "माहीत नाही."
"म्हणजे?"
"कशासारखं ते माहीत नाही."
पलीकडे नळ गळत होता. बराच वेळ गळत होता.
"बरं," म्हणाली, "झोप आता."

आणि सोमवारी, काही कारण नसताना,
तिचाच फोन.
मागे उलथन्याचा खणखणाट, एक स्कूटर,
कुणीतरी ओरडतंय, दोन हाफ, एक फुल.
"स्टँडाजवळ आहे," म्हणाली. "त्या लाल गाडीवर."
"कुणाबरोबर?"
"एकटीच. बाक आहे इथं."
साठ वर्षांत तिनं बाहेर खाल्लं ते लग्नात नि बारशात,
तेही पंगतीत, वाढणाऱ्यांकडे बघत.
"काय मागवलंस?"
"ते गोल गोल असतं ते. मंचुरियन."
माझ्या हातात कुणाचं तरी रक्त,
नळीवर नाव चिकटवायचं राहिलेलं,
आणि तोंडातून तेच निघालं, तिचंच:
"कशासारखं लागतं?"

फुंकर ऐकू आली. मग दुसरी.
"थांब जरा," म्हणाली,
"घास आहे तोंडात."