चार अंश

रात्री अडीचला मोबाईलवर निफाडचा पारा बघून
हे उठले, मफलर गुंडाळला
आणि मला न उठवता बागेत गेले.
मी जागीच होते. मोटार सुरू झाली,
ठिबकचं पाणी ओळीओळीतून सुटलं,
मग काडेपेटी. मग ओल्या पाचटाचा धूर.

किटली घेऊन गेले तेव्हा सात शेकोट्या लागलेल्या,
आणि यांच्या उजव्या हातात तो लोकरीचा मोजा.
एकच. डावा कोल्मारच्या बाकावर राहिला.

मागल्या जानेवारीत आम्ही उगावात नव्हतो.
नोव्हेंबरात वीस मिनिटं गारा पडल्या,
राखायला बाग उरली नाही,
म्हणून तर निघता आलं.
मुक्ता फोनवर म्हणाली, आता तरी या.
पासपोर्ट कपाटात तीन वर्षं पडून,
नाशिकरोडला छापलेले
आणि निफाडच्या पुढे न गेलेले.

जावयाची गाडी, आणि चालवायला मी.
पिकअपमधून पिंपळगावला क्रेट पोचवणारी बाई,
तिथे सगळंच उलट्या बाजूने.
दुसऱ्या दिवशी एका वळणावर चाक घसरलं
आणि तोंडातून निघालं, निवृत्ती!
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
गाडी थांबली. काचेवर बर्फ पडत राहिला.
तू म्हणालास, पुन्हा म्हण.

स्ट्रासबर्गला आभाळात घुसलेलं ते गुलाबी चर्च.
तू मान वर करून दगडांच्या गाड्या मोजत होतास,
किती बैल, किती वर्षं.
मी भिंतीला हात लावला.
काळारामाचा दगड काळा, हा गुलाबी,
पहाटे दोन्ही सारखेच गार.

दुकानात द्राक्षांचा डबा दिसला तसा
तू खालून-वरून फिरवून पाहिलास.
पेरूची द्राक्षं, मी वाचलं,
आणि तू इतका हसलास
की काउंटरवरची म्हातारीही हसली,
काही न कळता.

मग ते मळे. बर्फात बोडक्या ओळी, मैलोन् मैल.
तू गाडी थांबवायला लावलीस,
काठीसारख्या काडीवर अंगठा फिरवलास,
बाळाच्या टाळूवर फिरवावा तसा.
झोपल्यात, म्हणालास.
मार्चपर्यंत यांना कुणी उठवत नाही.
आपण एप्रिलात खरडतो,
ऑक्टोबरात पुन्हा कात्री,
वर डोळ्यांना पेस्ट लावून म्हणतो, ऊठ.
आपल्या वेलीला हिवाळा माहीतच नाही गं.

तुझ्या नावाचा अर्थ माझ्या ओठांपर्यंत आला.
मी गिअर टाकला.

त्या दुपारी घाट चढताना तू झोपलास.
तोंड उघडं, हातात नकाशा,
मोजा नसलेला डावा हात माझ्या शालीखाली.
ज्यांच्यासाठी एवढं लांब आलो
ते डोंगर एकामागून एक काचेत आले,
चांदवडच्या सुळक्यांवर कुणी पीठ चाळावं तसे,
आणि मागे गेले.
बोगदे गेले, गोठलेलं तळं गेलं.
मी रेडिओ बंद केला. ब्रेकसुद्धा हळू लावला.
चार तास.
पेट्रोल पंपावर डोळे चोळत विचारलंस, आले का डोंगर?
गेले, म्हटलं.
चिडला नाहीस. म्हणालास, झोप छान होती.

आता साडेचार. कादवेकडून वारा सुटलाय,
मण्यांत पाणी भरायला लागलंय, तडकायला नकोत.
हे शेडमधल्या बाजेवर टेकलेत, म्हणे पाच मिनिटं.
तोंड उघडं.
पुतण्या ओळीतून ओरडतो, काकू, काकांना उठवा,
शेवटच्या शेकोट्या विझत आल्यात.

बाजेखाली पडलेला मोजा मी हातात चढवते.
माझ्या हाताला मोठा होतो.
निवृत्ती, म्हणते, कुणाला ऐकू जाणार नाही इतकं,
आणि पाचटाचा भारा उचलून
ओळीत शिरते.