आठवा संदर्भ

सात मिळाले होते.
सातही तळटिपेतून बोट दाखवत होते
एकाच निबंधाकडे: घसाऱ्यावरचा, १९३१.

डंडी. ग्रंथालयाचं तळघर. हीटर नुसता खोकतोय.
मोरागबाईंनी खंड काढून दिला,
वर एक बोथट सुरी:
पानं कापलेली नाहीत म्हणाल्या, अजून.

म्हणजे नव्वद वर्षांत इथे
कुणी उघडलाच नव्हता.

कापत गेले. जीन्सवर कागदाचा भुसा.
पान चाळीसवर तेच वाक्य, सातांनीही उचललेलं:
‘झीज आकड्यांत मांडता येते’,
स्वल्पविराम,
आणि घडीच्या आत
एक ‘पण’.

बाहेर टे नदीवर चारलाच अंधारलंय.
उद्या बाराला निबंध द्यायचा, दोन हजार शब्द,
एकोणीसशे लिहून झालेत.

हा ‘पण’ कुठे मांडू,
जमेला की नावे?