ओंडक्यांची मोजदाद

कुशीवर वळा, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला,
नर्स म्हणाली, आणि आर्मासनं ऐकलं.
चोपन्न वर्षांत माझं एवढं मुकाट
त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

खिडकीबाहेर योएनसू, उणे एकोणीस.
नदी दोन्ही काठांनी गोठलेली,
मधला पट्टा काळा, वाहता.
डॉक्टर साल्मेलांनी दोन मणक्यांच्या फटीत सुई घातली
आणि आम्ही वाट पाहिली.

थेंब आला. बऱ्याच वेळानं दुसरा.
मला वाटलं होतं, काहीतरी दिसेल त्यात,
गढूळपणा, निदान रंग.
आमच्या विहिरीचं पाणी याहून पिवळं.
नळी काचेची चालत नाही म्हणे, ठरावीक प्लास्टिकच लागतं;
नाहीतर जे मोजायचं तेच भिंतीला चिकटून बसतं
आणि हिशेब चुकतो.

हे मी लक्षात ठेवलं.
लक्षात ठेवणं आता माझ्याकडे आहे:
सौनाची चूल विझवली का,
कुत्रा मागच्या हिवाळ्यात गेला,
मुलगी ओउलूला असते, तुर्कूला नाही.

नळी कुओपिओला गेली. तीन आठवडे.
पहिले दोन दिवस डोकं धरून तो पडून राहिला.
म्हणाला, पाणी उपसलं की होडी तळाला टेकते.

दोन वर्षं मी म्हणत होते, पाणी कुठंतरी मुरतंय.
माझा संशय दारूवर होता.
मग माझ्यावर, की त्याला माझा कंटाळा आलाय.

डॉक्टरांनी कागद आमच्याकडे फिरवला.
टाऊ वाढलेलं. तेवढं मला समजलं:
पेशी मरतात, त्यांचा भुसा पाण्यात उतरतो.
अमायलॉइड मात्र कमी.
कमी? मग बरंच आहे की, मी म्हणाले.
डॉक्टर शब्द शोधत राहिले.

तेव्हा आर्मास बोलला, सकाळपासून पहिल्यांदा.
बावीस उन्हाळे लिएक्साच्या नदीवर
ओंडके खाली सोडलेला माणूस,
हातात आकडी, बुटांना खिळे.
"खाली चारशे यायला हवेत आणि दोनशेच आले,
तर उरलेले कुणी चोरलेले नसतात.
वर कुठंतरी अडलेत. एकावर एक."
बोट कपाळाला लावलं. "इथं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
म्हणाले, नुसत्या आकड्यावर मी बोलत नाही,
चाचण्या, स्कॅन, तुम्ही सांगितलेलं सगळं धरून…
पण हो. असंच.

अडलेलं फोडता येतं का?
मी आर्मासला विचारलं, त्यांना नाही.
"एक कळीचा ओंडका असतो. तो सापडला तर."
मग कोटाची बटणं लावली, एक घर चुकवून.
"आणि सापडला की पळावं लागतं."

बसमधून घरी येताना
समोरून येणारे लाकडाचे ट्रक तो मोजत होता.
सात, म्हणाला.
मी नऊ मोजले होते.
सात, मी म्हणाले.