लिंबू पिळायच्या आधी

वरचा आकडा एकशे बावन्न.
डॉक्टरीणबाईंनी दंडाचा पट्टा सोडला
आणि ह्यांच्याकडे न बघता मला विचारलं,
सुकट किती खाता?
मी म्हटलं, रविवारी.
हे म्हणाले, रविवारीसुद्धा.

गोळी लागली. सकाळी एक, पांढरी, तुरीच्या डाळीएवढी.
आणि मीठ कमी.
आमच्या आगरी घरात 'मीठ कमी' म्हणजे सल्ला नसतो,
सासूने सुनेबद्दल शेजारी केलेली कागाळी असते.
आठ दिवस ताटावर कुणी बोललं नाही.

मग तळवलीहून गोमतीवन्सं आल्या,
चपला काढता काढताच म्हणाल्या,
दारातली जास्वंद काय एकट्या गणपतीनेच खायची?

पाच फुलं. हिरवा देठ काढायचा,
मधली पिवळी दांडी काढायची,
पाकळ्या झटकायच्या, आत मुंग्या राहायला असतात.
वर उकळतं पाणी, वर ताटली.
पाकळ्या पांढुरक्या, बुळबुळीत होऊन तळाला बसतात
आणि पाणी जांभळं, मळकट,
जांभळं खाऊन हात धुतल्यासारखं.
मी नाक मुरडलं.
वन्संनी अर्धं लिंबू पिळलं.

लाल.
असं लाल, की हे पेपर ठेवून उठले.

जमीन गेली तेव्हा नोकरी मिळाली होती,
रबाळ्याला, रंगाच्या कंपनीत. एकतीस वर्षं.
कुठलाही लाल दाखवा, नंबर सांगायचे.
नखं सोमवारी निळी, गुरुवारी शेंदरी,
तसाच मागचा नाला, खाडीपर्यंत.
रुमाल मी सोड्यात उकळले, उन्हात टाकले,
कंटाळून शेवटी पायपुसणी केली.
पायपुसण्यांचाही रंग गेला नाही.

पेला उजेडात धरून विचारलं, ह्याचा नंबर काय?
म्हणाले, ह्याला नंबर नाही.
आणि दुपारभर माझ्या ओट्यावर प्रयोगशाळा.
चिंच घातली, लाल. आमसूल घातलं, तेही लाल.
खायचा सोडा घातला तर हिरवंगार,
नातू किंचाळला, खालून शेजारीण वर आली.
सहा पेले मी घासले.

आता रोज चारला एक पेला. साखर नाही,
चिमूटभर जिरेपूड, उन्हाळ्यात माठातलं पाणी.
लागतं कसं? आंबट, मागून थोडं तुरट,
कच्च्या करवंदाची आठवण येते, करवंद येत नाही.
चहा सुटला नाही. दुसरा चहा सुटला.

फुलांची मात्र मारामारी.
समोरच्या इमारतीतले सामंत पहाटे पाचला
काठीला आकडा बांधून कुंपणाशी उभे,
हातात पिशवी, तोंडात अथर्वशीर्ष.
आता पावणेपाचला हे उभे.
डॉक्टरीणबाई विचारतात, सकाळी चालता का?
मी सांगते, चालतात. कुंपणापर्यंत. रागाने.

एकदा सामंतांना घरात बोलावून पेला दिला.
एक घोट घेतला, थांबले.
साखर?
नाही.
मग देवालाच बरी होती, म्हणाले,
आणि सगळा पेला संपवला.
तेव्हापासून पाच फुलं कुंपणावर ठेवलेली असतात,
कधी चार.

परवा आकडा एकशे अडतीस.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळीचा गुण. गोळी सोडायची नाही,
फुलाचं पाणी पिताय ते मला सांगून प्या.
हे म्हणतात जास्वंदीचा, मी म्हणते मिठाचा.
गोमतीवन्सं फोनवर म्हणाल्या, माझा.

कंपनीत भिंतीवर पाटी होती,
रंग तोंडाला लावू नये.
ते आठवतं की काय कोण जाणे,
रोज लिंबू पिळायच्या आधी हे म्हणतात, थांब जरा.
खिडकीपाशी जातात, ते मळकट जांभळं बघत राहतात.
मी लिंबू हातात धरून उभी. बी बोटाला टोचते.
मग पिळते. मग पितात, सावकाश,
आणि पोरासारखी जीभ बाहेर काढून मला विचारतात,
लागला का रंग?

नाही, मी म्हणते.
हा राहत नाही.