चाळीस दिनार

प्रिंटरच्या तोंडाशी एक कागद राहिला होता.
माझा समजून उचलला.
नाव : भालचंद्र पेंडूरकर. हुद्दा तोच, माझाच.
तीनशे वीस.

तोवर माझे दोनशे ऐंशी
किती गुटगुटीत होते, सांगू!
महिनाअखेरीस त्यांना रुपयांनी गुणत बसायचो
आणि मंगफच्या त्या खोलीत, घरघरत्या एसीखाली,
गावाकडचं घर
चिऱ्यावर चिरा चढत जायचं.

कागद होता तसा ठेवला.
माझ्या पगारातला एक फिल्ससुद्धा कुणी काढला नव्हता,
तरी जिना उतरलो तो
चाळीस दिनारांनी गरीब होऊन.

मग ते चाळीस आमच्यातच राहायला आले.
भाल्याच्या नव्या चपलेत. त्याच्या शाम्पूत.
तांदूळ निवडताना तो शीळ घालायचा, तिच्यातही.
शुक्रवारी फहाहीलच्या बाजारात
तो झुबैदीपाशी रेंगाळला
(आपलं पापलेटच ते, अरबी नाव लावून महाग झालेलं)
तर मी म्हटलं, घे की. तुला काय.

'तुला काय' हे शब्द माझे नव्हेत, आईचे.
ती फोनवर म्हणते, तुला काय बाबा, तू कुवेतला.
धाकटा तेही म्हणत नाही, नुसता गप्प राहतो,
आणि त्या गप्प राहण्यात
मला माझा पगार ऐकू येतो.

शफीकुल चहा ठेवतो,
बँकेचा फॉर्म भरून मागतो.
मासिक उत्पन्न? पंचाहत्तर, म्हणाला.
उजव्या हातानं आकडा लिहिता लिहिता
डाव्या हातानं मी
माझी स्लिप पालथी घातली.

एका रात्री, दिवा घालवल्यावर,
वरच्या पलंगावरून भाल्याचा आवाज :
तो बिजू रे, परवा आलेला. त्याला किती देतात?
मला ठाऊक होतं.
'कुणास ठाऊक' म्हणता आलं असतं.
खिडकीत रिफायनरीची ज्योत लवत होती.
चारशे दहा, मी म्हटलं.
वर जाळी एकदा करकरली.
मग काहीच नाही.

खोटं कशाला सांगू,
त्या रात्री मला फार दिवसांनी
गाढ झोप लागली.

तांदूळ अजून तोच निवडतो. शीळ नाही.
परवा त्यानं झुबैदी आणली.
मीठ, हळद, कोकमाचं आगळ, सगळं जिथल्या तिथं.
पूर्वी मधली तुकडी न विचारता
माझ्या ताटात पडायची.
या खेपेला त्यानं आधी मोजल्या.
तीन तुला, म्हणाला. तीन मला.

डोकं आणि शेपूट
बराच वेळ तव्यावरच राहिली.