पाठवणाऱ्याशी नातं

राख पडली त्या वर्षी
अळवाची पानं आधी करडी झाली, मग काळी,
टाकीतल्या पाण्याला गंधकाचा वास सुटला.
वावाउच्या धक्क्याला ऑकलंडची बोट लागली
ती अकराव्या दिवशी.
निळी पिंपं. पीठ, मासळीचे डबे, साखर,
आणि प्रत्येक झाकणावर लाल रंगात
लुपे वाइओलेती.
आडनाव आमचंच.

खिडकीतल्या पोरानं कागद सरकवला.
घेणाऱ्याचं नाव. गाव. पिंपं किती.
शेवटची ओळ: पाठवणाऱ्याशी नातं.

पेन हातातच राहिलं.

*

बाप्तिस्म्यात नाव ठेवलं होतं सिओसिफा,
शास्त्रातल्या योसेफावरून.
उशिरा झालेलं लेकरू, बापाच्या मांडीवरचं.
वडील पाळक. आम्ही सहा भाऊ, तो सातवा.
तो, असं तेव्हा म्हणत होतो.

मे महिन्यातला पोरांचा रविवार.
पंधराव्या वर्षी तो देवळात आला
आत्याचा झालरींचा पट्टा कमरेला बांधून,
आणि सगळं पाठांतर म्हणून दाखवलं,
एकही शब्द न चुकता.

वडिलांनी पाठांतर ऐकून घेतलं.
मग चष्मा लावून वाचलं ते वचन,
पुरुषानं बाईचं वस्त्र नेसू नये, ते.
वाचताना त्यांच्या स्वतःच्या कमरेला होतं
पोटऱ्यांपर्यंतचं काळं नेसण,
त्यावर आईनं विणलेली चटई.
आम्हा सगळ्यांच्याच होतं.
कुणाला हसू आलं नाही.
मला आलं,
पस्तीस वर्षांनी, एकट्याला, होडीत.

त्या दुपारी आम्ही सहा जण, धक्क्यामागे.
मी थोरला, म्हणून पहिला हात माझा.
झालर फाटताना फारसा आवाज होत नाही.
वाळलेलं केळीचं सोपट ओढावं, तेवढाच.
रक्त नाकाचं होतं, थोडंसं.
पट्टा नेऊन वडिलांपुढे टाकला
आणि त्यांनी तो ओळखला.

विकलं नाही आम्ही त्याला.
तिकिटाचे पैसे मामानं दिले.

*

गेल्या साली नवा पाळक आला, केपु,
अजून मिसरूडही नीट न फुटलेला.
बुधवारच्या वर्गात सांगू लागला:
योसेफाच्या त्या झग्याला मूळ भाषेत जो शब्द आहे
तो शास्त्रात आणखी एकाच गोष्टीत येतो.
राजाच्या मुलीच्या अंगावर.
लग्न न झालेल्या राजकन्या तसं नेसत, म्हणे.
एवढं बोलून तो पाणी प्याला
आणि दुष्काळाच्या अध्यायाकडे वळला.

बाया वारा घेत होत्या.
मी मागच्याच पानावर.
आम्हाला शिकवलं होतं, झगा रंगीत होता,
भावांना रंग खुपले.

एका शब्दावर घर बांधू नये,
वडील नेहमी सांगायचे.
एका वचनावर मात्र आम्ही
एक अख्खं माणूस समुद्रापार घालवलं.

*

मागे रांग. कुणी तरी खाकरलं.
शाई आधी उमटेना,
तळहातावर गिरवून पाहिली.
मग लिहिलं: बहीण.
अक्षर तिरकं आलं, रेघेबाहेर गेलं.
पोरानं न वाचताच शिक्का मारला
आणि म्हणाला, पुढचा.

पिंपात चिठ्ठी शोधली मी,
पिठात कोपरापर्यंत हात घालून.
नव्हती.
का असावी?

रात्री पिठाचे गोळे उकडले, साखरेच्या पाकात सोडले.
वडील नव्वदीचे, डोळे गेलेले.
बोटांनी चाचपून एक गोळा उचलला.
पीठ कुणाचं?
लुपेनं पाठवलंय, म्हणालो.
कोण लुपे?

मी सांगितलं.
जुनं नाव घेतलं नाही, तरी सांगितलं.

बराच वेळ ते चावत राहिले.
बाहेर राख अजून पत्र्यावरून घसरत होती.
पाक पातळ झालाय, म्हणाले,
आणि ताट पुढे केलं.