नको आणि ब्याड

वडगावात, बाजार गल्लीत, मागाच्या माळ्यावर
डिस्क भरली म्हणून कॉम्प्युटर कुरकुरतोय.
दोनशे चौदा डिझाइनं. कुणालाच नकोत.
इराण्णा जिन्यातूनच म्हणाला, "काढून टाक की गं सगळं,
माग गेले, आता काठ कशाला?"

माग परवा गेले. सहाच्या सहा, टेम्पोतून, किलोच्या भावानं.
जॅकार्डचा सांगाडा काट्यावर चढवताना
एक हूक निसटून माझ्या चपलेपाशी पडला.
मी उचलला. वजनात धरला नाही कुणी.

फोल्डर दोन.
माझा: नको.
इराण्णाचा: ब्याड.
अकरा वर्षं एकाच टेबलाशी बसून
मी मराठीत नाकारत आले, तो कन्नडात,
आणि कैकदा तोच काठ दोघांनीही,
एकमेकांना न विचारता.

उडवायचं नाही, आवळायचं, एवढं ठरवलं.

अंगावरची कोयरी सहाशे चाळीस वेळा.
यंत्र ती एकदाच लिहून घेतं,
मग म्हणतं: हीच, पुन्हा, अमुक वेळा.
आईच्या दुधाच्या वहीत असंच असायचं.
एक तारखेला लिहायची "अर्धा लिटर",
खाली महिनाभर नुसती दोन दोन टिंबं,
आणि भावाला ताप आला त्या दिवशी "पाऊण".
टिंबांतून अख्खा महिना परत काढता यायचा,
एक थेंब न सांडता.

अंग असं मुकाट आवळलं जातं.
जागा खातो तो काठ.
दोन्हीकडचे धागे तिथं एकमेकांत शिरलेले,
एक ओळ मागच्या ओळीसारखी नाही.
आणि फोटो तर हटतच नाहीत:
पहिला माग आला त्या दिवशीचा,
इराण्णाची बायको कापूर धरून, डोळे मिटलेले,
बाराशे केबीचा अकराशे अठ्ठ्याण्णव झाला फक्त.
आधीच दाबून बसलेल्याला
आणखी किती दाबणार.

त्रेसष्ट टक्क्यांवर करंट गेला.
गल्लीतले उरलेसुरले माग एकदम थांबले
आणि पलीकडच्या घरात कुणीतरी
खूप मोठ्यानं बोलत होतं ते कळलं.
अर्धं बांधलेलं गाठोडं उघडत नाही.
पहिल्यापासून.

दुसऱ्यांदा पुरं झालं तरी मूळ फाइलींना हात लावला नाही.
आधी तपासून घेतलं. चूक नाही.
एक साडी उलगडून पाहिली, तोता जागेवर, चोच जागेवर.
मग यादी वाचत गेले, शेवटचा रकाना,
प्रत्येक फाइलीपुढे यंत्रानं घातलेला तिचा आकडा.
नको, काठ एकतीस.
ब्याड, काठ एकतीस.
आकडा तोच, अक्षरन् अक्षर.

कुलूप घातलं नाही.
टाकलेलं चोरतंय कोण,
आणि चावी विसरणारी मीच.
नाव मात्र नीट दिलं: गल्ली, साल, कुणासाठी.
"इतर" म्हणून ठेवलेलं आजवर काही सापडलेलं नाही मला.
एक प्रत पेनड्राइव्हवर, बॉबिनच्या डब्यात, त्या हुकाशेजारी.
दुसरी खानापूरला, भावजयीच्या लॅपटॉपमध्ये.
तिला विचारून ठेवली,
कशाची ते तिनं विचारलं नाही.

मग मुळं उडवली.
डिस्क हलकी झाली, पंख्याचा आवाज उतरला.
जिन्यावरून इराण्णा: "झालं?"
"झालं."
"सगळं?"
समोर दोन रिकामी फोल्डरं होती. शून्य बाइट.
नाव आहे, आत काही नाही.
त्यांना आवळणार तरी काय.
"सगळं," म्हटलं,
आणि ती तशीच ठेवली, शेजारी शेजारी,
आणि खाली चहाला गेले.